ग्रिलचं क्रोम सोलतंय, काळा रंग द्यायचाय: किती काढायचं, कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ९ वर्षं वापरलेली सेडान. समोरच्या ग्रिलच्या खालच्या पट्टीवर क्रोमचे पोपडे निघताहेत, डिकीवरच्या पट्टीवर बारीक ठिपके आलेत आणि ती मळकट दिसते, दरवाज्यांची हँडल मात्र अजून लखलखीत आहेत. हे सगळं ग्लॉस काळं करायचं आहे, जमलं तर नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरीच, पार्किंगमध्ये. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की अ‍ॅसिडमध्ये बुडवा, क्रोम विरघळून जाईल. दुसरा म्हणाला, जरा घासा आणि वरून स्प्रे कॅन मारा. कुणाचं ऐकावं?

दोघांचंही जसंच्या तसं ऐकू नका. मी सातपूरकडे डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो आणि असे पार्ट माझ्याकडे बरेचदा दुसऱ्या फेरीला येतात, म्हणजे कुणीतरी एकदा रंगवलेले आणि सहा-आठ महिन्यांत फुगलेले. त्यातल्या बहुतेकांत रंग चांगलाच असतो. चूक खाली झालेली असते. घट्ट बसलेलं क्रोम काढायची गरज नसते आणि सुटलेलं क्रोम एक नखभरसुद्धा ठेवून चालत नाही. या दोन्हींमधली हद्द नेमकी शोधणं आणि ती कड मारून सपाट करणं, हेच खरं काम आहे. रंग मारायला त्यानंतर फार वेळ लागत नाही.

आधी हे बघा की तुमच्या पट्टीवर ‘क्रोम’ म्हणून नेमकं काय आहे. कंपनीतून गाडीबरोबर आलेली ग्रिल बहुतेक वेळा एबीएस किंवा पीसी-एबीएस प्लास्टिकची असते. पार्ट काढून मागे बघा, दोन टोकदार कंसांत इंग्रजी अक्षरांत तसा शिक्का असतो. हे प्लास्टिक आधी तीव्र अ‍ॅसिडमध्ये खरवडून त्यावर सूक्ष्म खड्डे पाडतात, मग विजेशिवाय धातूचा एक पातळ थर बसवतात आणि त्यानंतर विजेच्या टाकीत तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम चढवतात. क्रोमियमचा थर मायक्रॉनच्या काही दशांशांइतकाच असतो. तांबं आणि निकेल मिळून साधारण २५ ते ४० मायक्रॉन भरतं. म्हणजे तुम्हाला जो पोपडा दिसतो तो नुसत्या क्रोमचा नसतो. अख्खं धातूचं कवच प्लास्टिकपासून सुटलेलं असतं, म्हणूनच त्याची कड ब्लेडसारखी लागते.

बाजारातून वेगळ्या घेऊन चिकटवलेल्या क्रोम गार्निशची गोष्ट निराळी. त्यातल्या स्वस्त पट्ट्यांवर निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवलेली असते आणि वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. काहींवर तर नुसती चकचकीत फॉइल दाबलेली असते.

ओळखायला मल्टिमीटर पुरतो. तो कंटिन्युइटीवर, म्हणजे वीज आरपार गेली की आवाज करणाऱ्या सेटिंगवर ठेवा, दोन्ही टोकं चांगल्या चकचकीत भागावर टेकवा. आवाज आला तर वर उघडा धातू आहे, म्हणजे खरं प्लेटिंग. आवाज आला नाही तर वर लॅकर आहे, म्हणजे वाफेचं काम किंवा फॉइल. टोकाने खरवडू नका, नुसतं टेकवा. लॅकर फाटलं तर मीटर खोटं बोलेल. मूळ ग्रिलवर आवाज येईल असा माझा अंदाज आहे, पण आधीच्या मालकाने बाहेरची ग्रिल बसवलेली असू शकते, तेव्हा तपासून घ्या.

लॅकरवाली निघाली तर काम सोपं आहे. तो थर इतका पातळ असतो की ४०० नंबरच्या पाणी पेपरने सहज निघतो आणि खालच्या बेसकोटवर किंवा प्लास्टिकवर प्रायमर मारता येतो. फॉइल असेल तर कोपरा उचलून सोलायची, उरलेला गोंद पेट्रोलने न पुसता आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. एवढंच. पुढचं सगळं खऱ्या प्लेटिंगबद्दल आहे, कारण लोक फसतात ते तिथेच.

आता अ‍ॅसिडचं. शौचालय साफ करायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्रोमियम खातं, हे खरं आहे. पार्ट बुडवला की बुडबुडे येतात, पाणी हिरवट होतं आणि थोड्या वेळात चमक जाऊन पिवळसर धातू दिसायला लागतो. लोकांना वाटतं क्रोम निघालं. निघालं ते फक्त वरचं झिरझिरीत क्रोमियम; तो पिवळसर दिसतो तो निकेल, आणि निकेल-तांब्याचं कवच होतं तिथेच, अर्धवट सुटलेलं, प्लास्टिकवर बसून आहे. तुमची अडचण जिथे होती तिथेच राहिली. उलट ती वाढली, कारण सुटलेल्या कडेखाली अ‍ॅसिड शिरतं, प्लास्टिकच्या त्या सूक्ष्म खड्ड्यांत मुरतं आणि कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. वरून रंग चढवल्यावर ते आतून धातू खात राहतं आणि काही महिन्यांनी फोड येतात.

शिवाय त्याच्या वाफा. बंद पार्किंगमध्ये अ‍ॅसिड उघडं ठेवलं की शेजारच्या मोटरसायकलच्या चेनपासून पान्यांपर्यंत सगळ्यावर गंज चढतो, मग फुफ्फुसांचं काय होत असेल याचा विचार करा. त्यात कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तो जीवघेणा आहे. आणि ते हिरवं पाणी शेवटी कुठे ओतणार? त्यात क्रोमियम आणि निकेल विरघळलेलं असतं. आपल्याकडच्या गटारांचं, नाल्यांचं पाणी नासर्डी नदीत जातं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. खाली टाकळीच्या पुढे त्याच पाण्यावर भाजीपाला होतो. मी हे काम घरी करू देणार नाही. अगदी सगळं कवच उतरवायचंच असेल तर अंबडच्या बाजूला प्लेटिंग करणारे कारखाने आहेत. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची सोय असलेल्या कारखान्याकडेच द्या, आणि ‘प्लास्टिक आहे’ हे आधी सांगा. तुमच्या ग्रिलला मात्र त्याची गरज नाही.

ओव्हन क्लीनर, कॉस्टिक सोडा यांचे सल्ले ऐकायला मिळतात. ते वाफेच्या अ‍ॅल्युमिनियमवर चालतात, कारण अ‍ॅल्युमिनियम अल्कलीत विरघळतं. निकेलवर त्यांचा काही परिणाम होत नाही. हीट गनही नको, एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि ग्रिलची पट्टी एकदा वाकली की पुन्हा बंपरच्या खाचेत बसत नाही. रंग काढायचं रिमूव्हर जेल आणि अ‍ॅसिटोन तर एबीएसला अक्षरशः विरघळवतात. दुकानात मिळणारं साधं एनसी थिनरसुद्धा उघड्या एबीएसवर पुसायला वापरू नका, लगेच काही दिसलं नाही तरी बारीक तडे जातात आणि ते रंगातून वर येतात.

तर मग करायचं काय? ग्रिल गाडीवरून काढा. क्लिप जुन्या असतात, सकाळच्या थंडीत ओढल्या तर तुटतात. दुपारी, प्लास्टिक जरा तापलेलं असताना काढा. तुमच्या गाडीत समोर रडार असेल, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी सोय असेल, तर बोधचिन्ह आणि त्यामागचा भाग रंगवायचा नाही. त्या चकाकीत रडारच्या लहरी आरपार जाव्यात अशी रचना असते आणि जास्तीचे थर, खासकरून धातूचे कण असलेला रंग, त्या लहरींना अडवतात. ९ वर्षांच्या गाडीत हे बहुधा नसेल, पण हे वाचून नव्या गाडीवर कुणी तसं करू नये म्हणून सांगितलं.

ग्रिल साबणाने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे घासण्याआधी करायचं. गाडीला पॉलिश, वॅक्स, सिलिकॉनचा डॅशबोर्ड स्प्रे असं बरंच काही लागलेलं असतं आणि ते न पुसता घासलं तर घासपेपर तेच पृष्ठभागात दाबतो. नंतर प्रायमरला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात ते यामुळेच.

आता हद्द शोधायची. नखाने पट्टीभर टकटक करत जा. घट्ट भागाचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ. मग पोपड्याच्या कडेपासून सुरुवात करून कवच उचला. लांब नाकाची पक्कड घ्या आणि वर न ओढता पट्टीला जवळजवळ समांतर, मागे दुमडत ओढा. कामाचे जाड हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. तुकडे उडतात आणि बोट कापलं तर खोल कापतं. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना तर नुसत्या बुकणीनेही खाज सुटते. सहज येतंय तोवर ओढत राहायचं, जिथे ते हट्टाने धरून बसतं तिथे थांबायचं. नंतर खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी त्या कडेवर दाबून चिकटवा आणि झटक्याने ओढा. काही सुटून आलं तर अजून मागे जायचं. दोन-तीनदा टेप ओढूनही काही आलं नाही की ती तुमची खरी कड. फुगे असतील तर तेही फोडा, लहान आहे म्हणून एकही ठेवू नका.

कवच सुटतं ते उगाच नाही. एबीएस उन्हात तांब्या-निकेलपेक्षा कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं. एप्रिल-मेमध्ये दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी आणि डिसेंबरच्या पहाटेची निफाडकडची थंडी, या दोन टोकांमध्ये ते कवच आणि प्लास्टिक वर्षानुवर्षं एकमेकांना ओढत असतात. त्यात मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकच्या मागून उडालेला एखादा खडा लागला की भेग पडते, पाणी आत शिरतं, तांबं सडतं आणि पोपडा पसरत जातो. आणि काळा रंग चांदीसारख्या चकाकीपेक्षा जास्त ऊन शोषतो. म्हणजे रंगवल्यावर पट्टी आधीपेक्षा जास्त तापणार. आज जेमतेम धरून असलेली कड पहिल्या उन्हाळ्यात उचलली जाणार. टेपची परीक्षा पक्की करायला सांगतो ती यासाठी.

डिकीच्या पट्टीवरचे ठिपके भिंगातून बघा. पांढरट-करडे असतील तर गंज निकेलपर्यंत आहे, घासून निघेल. हिरवे असतील तर बहुधा तांब्यापर्यंत पोचलाय, तो ठिपका पूर्ण मोकळा होईपर्यंत घासावं लागेल आणि तिथे खड्डा पडेल. तो नंतर भरायचा.

घासताना पाणी हवंच. कोरडं घासलं तर निकेल आणि क्रोमची बारीक धूळ श्वासात जाते. मास्क लावूनही मी कोरडं घासत नाही. घट्ट क्रोमवर ३२० नंबरचा पाणी पेपर घ्या. क्रोमियम फार कडक असतं, पेपर लवकर बोथट होतो, पटापट बदला. चमक पूर्ण जाऊन सगळीकडे एकसारखा धुरकट रंग यायला हवा. आडव्या उजेडात धरून बघा. कोपऱ्यात, जाळीच्या घरांत जिथे अजून आरसा दिसतो तिथून पुढे रंग सुटणार, हे नक्की. अशा जागी पेपर पोचत नाही तिथे मरून (गडद तांबड्या) रंगाच्या स्कॉच-ब्राइटचा तुकडा आणि टूथब्रश वापरा. नंतर ५०० किंवा ६००ने सगळं एकदा फिरवा. दुसऱ्या गॅरेजवाल्याचं ‘जरा घासा’ इथेच अपुरं पडतं. जरा घासून भागत नाही, आरसा संपेपर्यंत घासावं लागतं.

कडेची गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. एका बाजूला कडक निकेल, दुसऱ्या बाजूला मऊ प्लास्टिक. बोटांखाली पेपर धरून घासलंत तर प्लास्टिक झपाट्याने झिजतं, कड तशीच राहते आणि तिच्या शेजारी चर पडतो. ग्लॉस काळ्यात तो चर लांबून दिसतो. म्हणून लहान, कडक ब्लॉकवर पेपर गुंडाळा, रबरी नको, लाकडाची पट्टी किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चालेल. दाब धातूच्या बाजूने ठेवा आणि कडेला तिरपं घासा. प्लास्टिकच्या बाजूला कडेलगत मास्किंग टेपचे दोन थर लावून सुरुवात केली तर प्लास्टिक वाचतं, कड उतरत आली की टेप काढून शेवटचे हात मारायचे. डोळे मिटून अंगठा फिरवा. डोळ्यांपेक्षा अंगठ्याला पायरी लवकर कळते.

तरी थोडी पायरी उरतेच. ती भरायला डब्यातली नेहमीची जाड लांबी (म्हणजे पुट्टी) वापरू नका. बारीक दाण्याची टू-के (म्हणजे हार्डनर मिसळून वापरायची, दोनघटकी) फिनिशिंग पुट्टी अगदी पातळ ओढा, किंवा हाय-बिल्ड (जाड थर देणाऱ्या) प्रायमरचे दोन-तीन हात देऊन ४०० आणि ६००ने सपाट करा. इतका खटाटोप नको असेल तर एक वाट सांगतो: ग्लॉसऐवजी सॅटिन काळा घ्या. सॅटिनमध्ये बारीक उंचसखलपणा झाकला जातो आणि ग्रिलवर तो शोभतोही. पहिल्यांदा करणाऱ्याला मी सॅटिनच सुचवतो.

प्रायमर कोणता? तुमच्या पट्टीवर आता तीन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: घासलेलं क्रोम, कडेला उघडं निकेल-तांबं आणि उघडं एबीएस. तिन्हींवर चांगला धरणारा म्हणजे टू-के इपॉक्सी प्रायमर. एच (etch) प्रायमर, म्हणजे अ‍ॅसिड असलेला प्रायमर, उघड्या धातूवर छान धरतो, पण त्यातल्या अ‍ॅसिडवर थेट पॉलिस्टर लांबी चढवली तर ती नीट पकडत नाही, म्हणून इथे मी तो टाळतो. उघड्या एबीएसवर आधी प्लास्टिकचा अ‍ॅढिजन प्रमोटर (पकड वाढवणारा थर) पातळ मारा. बंपरच्या पीपी (पॉलिप्रॉपिलिन) प्लास्टिकवर तो लागतोच, एबीएसवर नसला तरी चालून जातं, पण अर्धवट सोललेल्या पार्टवर मी कधी वगळत नाही. कुठलीही बाटली किंवा कॅन आधी ग्रिलच्या मागच्या बाजूला मारून बघा. दहा मिनिटांत प्लास्टिक चिकट झालं किंवा सुरकुतलं तर ती तुमच्यासाठी नाही.

इपॉक्सीचे दोन पातळ हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी ६००ने पाण्यात हलकं घासा, पुसा. मग बेसकोट काळा, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात मॅट दिसेपर्यंत थांबून. मग टू-के क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) दोन हात. स्प्रे गन असेल तर १.३ मिलिमीटरचा नोझल आणि वीतभर अंतर, कॅन असेल तर थोडं जास्त. जाळीची आतली घरं आधी मारा, समोरचा भाग शेवटी, नाहीतर समोर ओघळ येतात. साध्या एकघटकी कॅनचं क्लिअर पेट्रोलचा थेंब पडला तरी मऊ होतं, ग्रिलला खड्यांचा मार असतो, तेव्हा टू-केच घ्या. टू-केचे कॅन खालचं बटण दाबून हार्डनर आत सोडल्यावर एक-दोन दिवसच टिकतात, म्हणून सगळे पार्ट तयार झाल्याशिवाय बटण दाबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, ते लक्ष देऊन वाचा. टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा लागू शकतो आणि एकदा शरीराला त्याची संवेदनशीलता आली की पुढे थोडासा वाससुद्धा सोसत नाही. कापडी रुमाल, एन-९५ मास्क याला अडवत नाहीत. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, चष्मा, नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मोकळी हवा, एवढं तरी हवंच. सोसायटीचं बंद पार्किंग नको, लहान मुलं आणि म्हातारी माणसं जवळ नकोत. हे जमणार नसेल तर घासण्यापर्यंतचं काम घरी करा आणि प्रायमर, रंग, क्लिअर बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. बरेच पेंटर तयार करून आणलेला पार्ट आनंदाने घेतात. मीही घेतो. मेहनतीचा मोठा भाग तुमचा झालेला असतो, पैसेही वाचतात.

वेळ निवडा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन उत्तम. पहाटे दव असतं, संध्याकाळी गारठा, क्लिअर वाळायला फार वेळ घेतं आणि धूळ धरतं. पावसाळ्यात दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. मेमध्ये कडक उन्हात रंग पार्टवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो, शिवाय वाऱ्याने धूळ उडते ती वेगळीच. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका, क्षारांचे डाग राहतात आणि ते रंगाखालून दिसतात. घरच्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या.

हँडलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रंगवू नका. त्यांचं क्रोम घट्ट आहे, ती काढायला दरवाज्याचं आतलं पॅनल उघडावं लागतं आणि रोज अंगठ्या, किल्ल्या, नखं घासून कितीही चांगला रंग तिथे सगळ्यात आधी उडतो. खाली चकचकीत क्रोम असल्यामुळे उडालेला प्रत्येक ठिपका पांढरा चमकतो. काळीच हवी असतील तर चांगल्या प्रतीचं काळं व्हिनाइल गुंडाळून घ्या, खराब झालं की बदलता येतं आणि गाडी विकताना काढूनही टाकता येतं.

कामाला हात घालण्याआधी एक फोन करा. पार्टच्या दुकानात तुमच्या मॉडेलची काळी ग्रिल मिळते का ते विचारा. बऱ्याच गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटला क्रोम नसलेली ग्रिल येते आणि ती क्रोमवालीपेक्षा स्वस्त असते. तिच्या क्लिपच्या जागा तुमच्या बंपरला जुळत असतील आणि ग्रिलचा अर्ध्याहून जास्त भाग सुटलेला असेल, तर मी तीच घ्यायला सांगेन. सुटलेला भाग खालच्या पट्टीपुरताच असेल तर मात्र तुमची जुनी ग्रिल वाचवण्यासारखी आहे.

बसवल्यावर आठवडाभर पाण्याच्या प्रेशरखाली नेऊ नका, वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग महिनाभर नको. प्रेशरचं नोझल जुन्या कडेच्या जागेवर जवळून कधीच धरू नका, आणि चाकांची रिम धुवायचं अ‍ॅसिडवालं क्लीनर ग्रिलपर्यंत उडू देऊ नका. डिकीची पट्टी ग्रिलच्या आधी करा. ती लहान आहे, सपाट आहे, हात तिच्यावर बसेल.